छोटी गाडी, लांबचा मुक्काम

रोज ऑफिसला जायला आणि भाजी आणायला वापरली जाणारी छोटी, कमी पेट्रोल खाणारी गाडी आठ-दहा दिवसांच्या भटकंतीलाही पुरते. त्यासाठी थोडे मोजमाप, थोडे सुतारकाम आणि बरेचसे सामान घरी ठेवून जायची तयारी मात्र हवी.

शाळेच्या परीक्षा संपत आल्या की घरोघरी एकच विषय निघतो. यंदा कुठे जायचे? मुलांना डोंगर आणि तंबू हवा असतो, आजीला वाटेत एखादे देवदर्शन, घरच्या कर्त्या पुरुषाला खर्चाची काळजी असते आणि गृहिणीची अपेक्षा एवढीच असते की, चार दिवस तरी पोळ्या लाटायला लागू नयेत. मग हॉटेलांचे भाव विचारले जातात. चौघांसाठी दोन खोल्या, दोन वेळचे जेवण, त्यावर कर. सहा रात्रींचा हिशेब मांडला की, 'पुढच्या वर्षी बघू' असे म्हणून विषय मिटतो.

खाली पार्किंगमध्ये मात्र गाडी उभी असते. छोटी असते, चार-पाच वर्षांची असते, पण धडधाकट असते. ती घेऊन तंबूचा मुक्काम करायचा विचार कोणी बोलून दाखवला की पहिली प्रतिक्रिया येते, "त्याला मोठी गाडी लागते." ही समजूत जाहिरातींनी करून दिली आहे. जाहिरातीत नदीकाठचा तंबू, शेकोटी आणि हसरे कुटुंब यांच्या मागे नेहमी पंधरा-वीस लाखांची उंच गाडीच उभी असते.

आपल्याकडच्या मध्यमवर्गाने भटकंती शिकली ती मात्र छोट्या गाडीतूनच. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे तिच्या छतावरच्या कॅरिअरवर वळकट्या आणि स्टोव्ह बांधून लोकांनी महाबळेश्वरपासून काश्मीरपर्यंतचे रस्ते तुडवले. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचे उत्पादन शुल्क कमी झाले आणि कारखानदार त्या मापातच जास्तीत जास्त जागा कशी बसवता येईल यामागे लागले. आजच्या उंच छताच्या छोट्या गाड्या ही त्याचीच फळे आहेत. मागची सीट दुमडून सपाट करण्याची सोय आता साध्या गाडीतही असते. 

पेट्रोलचा हिशेब तर अगदी सोपा आहे. हजार किलोमीटरच्या प्रवासात लिटरला अठरा किलोमीटर देणारी गाडी साधारण ५६ लिटर पेट्रोल पिते आणि लिटरला बारा देणारी ८३ लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तरी फरक जवळजवळ २,७०० रुपयांचा. एवढ्यात चौघांचा चांगला तंबू येत नसेल, पण त्याची निम्मी किंमत तरी नक्की निघते. तीन हजार किलोमीटरची सहल असेल तर तंबू, गाद्या आणि शेगडी असे सगळेच वसूल होते.

वजनकाटा आधी, दुकान नंतर

या छंदाचा पहिला रोग म्हणजे खरेदी. घडीच्या खुर्च्या, घडीचे टेबल, डोक्याला बांधायचा दिवा, बर्फाची पेटी, छतावरची सामानपेटी असे एकेक करून येत जाते आणि शेवटी गाडीत माणसांना जागा उरत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी गाडीचे माहितीपुस्तक उघडावे. त्यात गाडीचे रिकामे वजन आणि भरल्यावरचे कमाल वजन दिलेले असते. दोन्हींतला फरक म्हणजे तुम्ही गाडीत घालू शकता ते एकूण वजन, माणसे धरून. छोट्या गाडीत ते साधारण ४०० ते ५०० किलो भरते.

ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण समजा, आईवडील मिळून १३५ किलो, दोन मुले ७५ किलो. चार कपड्यांच्या पिशव्या ३२ किलो, पाण्याचा वीस लिटरचा कॅन २० किलो, पांघरुणे आणि गाद्या १५, स्वयंपाकाची पेटी १५, शिधा १५, पाच किलोचा गॅस सिलिंडर त्याच्या लोखंडासह बारा-तेरा, झोपायची फळी १४, तंबू ५ आणि हत्यारे ८. एकूण झाले ३४५ च्या पुढे. पाचवी म्हणून आजी आली की चारशेचा आकडा ओलांडला. गाडी सीएनजीची असेल तर टाकीचे वजन आणि टाकीने खाल्लेली डिकी हे दोन्ही वेगळे. अलीकडे काही गाड्यांत एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी आडव्या बसवतात, त्यामुळे वर सामानाला जागा उरते. नवी सीएनजी गाडी घ्यायची असेल तर ही सोय जरूर पाहावी. जुनी असेल तर दर तीन वर्षांनी करायची टाकीची चाचणी झालेली आहे ना, हे निघण्यापूर्वी तपासावे.

जास्तीच्या वजनाने पेट्रोल तर जाळतेच, पण त्याहून वाईट म्हणजे ब्रेक लागायला जास्त अंतर लागते, घाटाच्या उतारावर ब्रेक तापतात आणि टायर फुटण्याची भीती वाढते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक कागदी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर गाडी पूर्ण भरलेली असताना टायरमध्ये हवा किती हवी हे लिहिलेले असते. वर्षानुवर्षे गाडी वापरणारेही ती पट्टी कधी वाचत नाहीत. पंपावरच्या मुलाने "तीस भरू का?" म्हटले की, "भर" म्हणतात. लांबच्या प्रवासाला निघताना ती पट्टी वाचून, टायर थंड असताना हवा भरावी.

आता छतावरच्या पेटीबद्दल. अमेरिकेतल्या सरकारी चाचण्यांनुसार छतावर मोठी सामानपेटी लावली तर हमरस्त्याच्या वेगात गाडीचे ॲव्हरेज ६ ते १७ टक्क्यांनी घटते आणि ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेल्यास पंचवीस टक्क्यांपर्यंतही घटू शकते. म्हणजे कमी पेट्रोल पिणारी गाडी घेतल्याचा फायदा छतावरून वाऱ्याबरोबर उडून जातो. शिवाय आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांच्या छतावर ज्या चंदेरी पट्ट्या दिसतात, त्या केवळ शोभेच्या असतात, त्यांवर ओझे बांधायचे नसते. छतावर उघडणाऱ्या तंबूचा तर विचारच नको. तो एकटाच चाळीस ते साठ किलोचा असतो. जे सामान आत मावत नाही ते घरी ठेवावे, हाच सरळ मार्ग.

झोपायची सोय

तंबूत सगळे झोपले तर प्रश्नच नाही. पण पाऊस, वारा किंवा अनोळखी जागा असेल तर दोन माणसे तरी गाडीत झोपू शकतील अशी व्यवस्था हवी. लहान मूल आणि त्याची आई यांना गाडीत झोपणे बहुतेक वेळा अधिक सोयीचे पडते. दार आतून बंद होते, जमिनीचा ओलावा लागत नाही, विंचू-काट्याची भीती राहत नाही.

मागची सीट पुढे दुमडा, पुढच्या सीट शक्य तितक्या पुढे सरकवा आणि डिकीच्या दारापासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत मोजपट्टी लावा. बहुतेक छोट्या गाड्यांत ही लांबी दीड मीटरच्या आसपास भरते आणि मध्ये एक पायरी राहते. मुलांना आणि बुटक्या माणसांना तेवढे पुरते. उंच माणसाला पुढच्या सीटच्या मागची पोकळी भरून काढावी लागते. तिथे कपड्यांच्या पिशव्या घट्ट बसवायच्या आणि वरून फळी टाकायची.

ही फळी कोपऱ्यावरच्या सुताराकडून करून घ्यावी. बारा मिलिमीटरचे प्लायवूड, तीन तुकडे, मध्ये बिजागऱ्या. दिवसा ती घडी करून डिकीत उभी राहते, रात्री उलगडली की पलंग. सुतार आग्रहाने अठरा मिलिमीटरचे सुचवेल, "ताई, कायमचं काम होईल," म्हणेल. ऐकू नये. बारा मिलिमीटरची माणसाच्या मापाची फळी १४ किलोच्या आसपास भरते, अठराची वीसच्या पुढे जाते. बारीक फळीखाली दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या की ती वाकत नाही. कडा घासून गुळगुळीत करून घ्याव्यात आणि त्यांवर जुन्या सतरंजीची किनार शिवावी, नाहीतर सीटचे कव्हर पहिल्याच सहलीत फाटते. गाडी चालू असताना ही फळी पट्ट्याने घट्ट बांधलेली हवी. जोराचा ब्रेक लागला तर सुटी फळी मागून मानेवर येते.

वर फोमच्या गाद्यांपेक्षा आपली गोधडी बरी. ती कुठल्याही आकारात बसते, पायरीच्या जागी दुहेरी घडी करून घालता येते आणि घरी आल्यावर धुता येते.

खिडक्या पूर्ण बंद करून झोपू नये. दोन-तीन माणसांच्या श्वासाने आत गुदमरायला होते आणि पहाटे काचांवरून पाणी ओघळते. समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली ठेवाव्यात आणि डासांसाठी मच्छरदाणीच्या कापडाची, दाराच्या वरून उशीच्या अभ्र्यासारखी चढणारी पिशवी शिवावी. चार दारांच्या चार पिशव्या घरच्या शिलाई मशीनवर एका दुपारी होतात.

आडोशासाठी काचांवर काळी फिल्म लावण्याचा मोह होतो. ती लावू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गाड्यांच्या काचांवर फिल्म लावायला मनाई केली आहे. त्याऐवजी काचेच्या मापाचे जाड पुठ्ठे किंवा चकचकीत फॉइलचे तक्ते कापून ठेवावेत. रात्री आतून बसवायचे, सकाळी काढून गादीखाली सरकवायचे. गाडी चालताना काचेवर काहीही नको.

हाच नियम इतर बदलांनाही लागू आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला हवे तसे फेरफार करता येणार नाहीत. पुढे लोखंडी बंपर लावण्यालाही केंद्र सरकारने २०१७ च्या अखेरीस मनाई केली. सीट काढून टाकणे, पत्र्याला भोके पाडून कपाट बसवणे, जास्तीचे प्रखर दिवे लावणे या भानगडीत पडू नये. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच दाखवून देते. जे उचलून घरात ठेवता येते तेवढेच गाडीत करावे. सोमवारी ऑफिसला त्याच गाडीने जायचे आहे, हेही विसरून चालत नाही.

गाडीची बॅटरी म्हणजे घरची वीज नव्हे

मुक्कामाच्या जागी मुलांना मोबाईल चार्ज करायचे असतात, कोणाला पंखा हवा असतो, कोणाला गरम पाणी. गाडीतल्या सिगारेट लायटरच्या सॉकेटला हे सगळे जोडता येईल असे वाटते. पण छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे भरलेली असताना तिच्यात चारशे वॉट-तासांच्या आसपास वीज असते आणि त्यातली निम्मीही काढली तर सकाळी गाडी सुरू होईल याची खात्री नाही. एलईडीचा पाच वॉटचा दिवा चार तास लावला तर वीस वॉट-तास जातात, काही बिघडत नाही. फोन चार्ज करायला दहा-पंधरा. पण त्या सॉकेटवर चालणारी पाण्याची किटली घ्या. एक लिटर पाण्याला उकळी आणायला ९३ वॉट-तास लागतात आणि सॉकेटमधून जेमतेम १२० वॉट मिळतात. म्हणजे पाऊण तासाने चहा आणि बॅटरीचा पाव भाग खलास!

त्यापेक्षा दिवसा गाडी चालू असताना दोन पॉवर बँक भरून घ्याव्यात, रात्री त्यावर दिवे आणि छोटा पंखा चालवावा. गाडीच्या बॅटरीला रात्री हात लावू नये. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर निघण्यापूर्वी तपासून घ्यावी.

आणखी एक गोष्ट. स्टेपनी बहुतेक गाड्यांत डिकीच्या तळाशी, म्हणजे नेमकी सगळ्या सामानाखाली असते. भर पावसात, रात्री, रस्त्याच्या कडेला पलंग, गॅस आणि शिधा चिखलात उतरवून ठेवावा लागला की कुटुंबातल्या सर्वांचा उत्साह मावळतो. ट्यूबलेस टायरचे पंक्चर काढायचा छोटा संच आणि सॉकेटवर चालणारा हवेचा पंप सीटखाली ठेवावा. बहुतेक खिळ्यांची पंक्चरे चाक न काढताच दुरुस्त होतात. हे काम निघण्यापूर्वी एकदा पंक्चरवाल्याकडे बसून शिकून घ्यावे. बायकांनीही शिकावे. त्यात ताकदीपेक्षा सवयीचा भाग जास्त आहे.

जिवाशी खेळ नको

या साऱ्या तयारीत एक गोष्ट इतर सर्वांहून महत्त्वाची आहे आणि तीच सर्वांत कमी बोलली जाते.

उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत पेटत्या शेगडीजवळ झोपलेली माणसे सकाळी मृतावस्थेत सापडल्याच्या बातम्या येतात. कोळसा, लाकूड किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्त ऑक्सिजनपेक्षा या वायूला कितीतरी अधिक घट्ट धरून ठेवते. माणसाला थोडे डोके दुखल्यासारखे वाटते, मळमळते, गुंगी येते आणि दमल्यामुळे झोप येते आहे असे समजून तो झोपतो. तंबू आणि गाडी या खोलीपेक्षाही लहान जागा. म्हणून तंबूत किंवा गाडीत काहीही पेटवायचे नाही. बाहेर पाऊस आहे म्हणून दोन मिनिटे चहा टाकण्यापुरतेसुद्धा नाही. शेकोटीतले निखारे तव्यावर घेऊन तंबू उबदार करणे तर मुळीच नाही. थंडी असेल तर आणखी एक गोधडी, कानटोपी आणि गरम पाण्याची रबरी पिशवी.

इंजिन चालू ठेवून एसी किंवा हीटर लावून झोपणे हाही त्याच जातीचा धोका आहे. सायलेन्सरला बारीक भोक असेल, मागे मातीचा ढीग किंवा बर्फ असेल तर तोच वायू आत येतो. उन्हाळ्यात एसीशिवाय गाडीत झोप येत नसेल, तर ती जागा त्या दिवसांत मुक्कामाची नव्हे असे समजावे आणि सरळ लॉज शोधावा. गॅसचा सिलिंडर प्रवासात उभा, घट्ट बांधलेला, रेग्युलेटर काढलेला आणि टोपण लावलेला असावा. उन्हात बंद गाडीत तो ठेवून तासन् तास भटकायला जाऊ नये. पेट्रोलचा जादा कॅन गाडीत घेऊ नये, त्याची वाफ बंद गाडीत साचते. लाहौल-स्पिती, लडाख अशा भागात जाणार असाल तर अर्धी टाकी रिकामी झाली की दिसेल त्या पंपावर भरून घ्यायची सवय ठेवावी.

सुट्टी नेमकी कोणाची?

तंबूच्या मुक्कामात गाडीच्या डिकीचे वर उघडणारे दार म्हणजे स्वयंपाकघराचे छप्पर. त्याखाली एका पेटीत सगळी भांडीकुंडी मावली पाहिजे. तीन लिटरचा कुकर, एक कढई, तवा, पकड, सुरी, पळी, चार ताटल्या, फिरकीच्या झाकणाचे डबे. कुकर जरूर घ्यावा. तो गॅस वाचवतो आणि उंचावर तर त्याला पर्यायच नाही. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, उघड्या पातेल्यात डाळ तासन् तास शिजत नाही.

मराठी घरात प्रवासाच्या खाण्याचे शास्त्र पूर्वीपासून तयार आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात, गूळपोळ्या त्याहून जास्त टिकतात. भाजलेला रवा फोडणीसह डब्यात नेला की उकळते पाणी ओतून दहा मिनिटांत उपमा. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पिठल्यासाठी बेसन, दडपे पोह्यांसाठी पातळ पोहे आणि वाटेत मिळेल तो नारळ. विकतच्या नूडल्सच्या पाकिटांची गरजच पडत नाही.

पण हे सारे करायचे कोणी? घरी ओट्याशी उभी असलेली बाई सहलीत डिकीशी उभी राहिली, धुरात डोळे पुसत पोळ्या भाजू लागली आणि बाकीचे नदीत डुंबायला गेले, तर तिच्या दृष्टीने बदलली ती फक्त भिंत. उलट पाण्याचा नळही गेला. अनेक घरांत तंबूची पहिली सहल हीच शेवटची ठरते, त्याचे कारण पाऊस किंवा डास नसतात, हे असते. हॉटेलचा खर्च वाचला असे घरचे पुरुष कौतुकाने सांगतात, तेव्हा तो कोणाच्या कष्टावर वाचला हेही सांगायला हवे.

म्हणून निघण्यापूर्वीच कामे वाटून घ्यावीत आणि कागदावर लिहावीत. सकाळचा चहा-नाश्ता वडिलांकडे, भांडी मुलांकडे, तंबू लावणे-काढणे मोठ्या मुलाकडे किंवा मुलीकडे. दुपारचे जेवण सरळ ढाब्यावर किंवा खाणावळीत घ्यावे. चूल फक्त संध्याकाळी पेटवावी आणि तीही खिचडी-पिठल्यापुरती. ज्याला पोळ्या हव्यात त्याने त्या लाटाव्यात. दहा-बारा वर्षांची मुले घरी जे काम करायला कुरकुरतात, तेच उघड्यावर हौसेने करतात. त्या हौसेचा फायदा घेण्यात काही गैर नाही.

दुसरा प्रश्न शौचालयाचा. पुरुष या विषयाला हसून टाळतात, पण बायका आणि मोठ्या मुली त्याच्या धास्तीने दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग मूत्रमार्गाचे विकार ओढवतात. मुक्कामाची जागा ठरवताना पहिला प्रश्न शौचालयाचाच विचारावा. ते नसेल तर एक माणूस उभा राहील एवढा आडोशाचा उंच तंबू बाजारात मिळतो, वजन दोन-तीन किलो. त्यात घडीचे कमोड, मजबूत पिशव्या आणि वरून टाकायला लाकडाचा भुसा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून बंद डब्यात ठेवावेत, शहरात आल्यावर कचऱ्यात टाकावेत. जंगलात पुरू किंवा जाळू नयेत. दिवसा पेट्रोल पंपावरच्या शौचालयाचा वापर करायला संकोच नको. ती सोय ग्राहकांसाठीच ठेवलेली असते.

रात्र कुठे काढायची

दिसली मोकळी जागा की लावला तंबू, असे आपल्या देशात चालत नाही. अभयारण्यात आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय मुक्काम करणे गुन्हा आहे. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्या उंचावरच्या कुरणांत, ज्यांना बुग्याल म्हणतात, रात्रीचा मुक्काम बंद केला. गोव्याने २०१९ मध्ये आपल्या कायद्यात बदल करून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास बंदी घातली. मोकळ्या किनाऱ्यावर शेगडी पेटवून चहा करणारे कुटुंब तिथे दंडाला पात्र ठरते, मग गाडी कितीही छोटी असो.

सर्वांत बरी जागा म्हणजे शेतकऱ्याचे आवार. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आखले आणि त्याआधीपासूनही अनेक शेतकरी अशा केंद्रांत तंबूला जागा, पाणी आणि शौचालय देत आले आहेत. मध्य प्रदेश, कर्नाटक किंवा राजस्थानातही गावच्या शेतकऱ्याला नीट विचारले तर बहुधा नकार येत नाही. सोबत बायकामुले असली की आतूनच गृहिणी बाहेर येते आणि विचारपूस करते. ठरलेले पैसे आपणहून द्यावेत, फुकटच्या पाहुणचाराचा गैरफायदा घेऊ नये. देवस्थानांच्या धर्मशाळांची आवारे, चोवीस तास चालणारे मोठे पंप आणि ट्रकवाल्यांची वर्दळ असलेले ढाबे हीदेखील गाडीत झोपण्यापुरती ठीक ठिकाणे आहेत. हमरस्त्याच्या कडेच्या पट्टीवर मात्र कधीही झोपू नये.

कोरड्या नदीपात्रात तंबू लावू नये, वर कुठेतरी झालेल्या पावसाचे किंवा धरणातून सोडलेले पाणी रात्री न सांगता येते. समुद्राच्या वाळूत गाडी उतरवू नये. कोकणात पर्यटकांच्या गाड्या भरतीच्या पाण्यात अडकतात त्या याच हौसेपायी, आणि छोटी, हलकी, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी तर ओल्या वाळूत लगेच रुतते.

मुक्कामाला दिवसाउजेडी पोहोचावे. त्यासाठी पहाटे लवकर निघावे, पण रात्रभर जागून नव्हे. समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता तयार झाला. अशा सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे ठेवूनही झोप लागते. दर दोन तासांनी थांबावे, घरात दोघांना गाडी येत असेल तर चालक बदलावा. वेगाचा मोह आवरावा. ताशी ८० वरून १०० वर गेले की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त वाढतो. तीनशे किलोमीटरच्या अंतरात त्यामुळे पाऊण तास वाचतो, पण पेट्रोल भरपूर जाते आणि भरलेल्या छोट्या गाडीचा रस्त्यावरचा ताबा सुटू लागतो. अडचण आलीच तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ हे क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावेत, केवळ चालकाच्या नव्हे.

पहिलीच सहल लडाखची काढू नये. आधी एक रात्र गावच्या घराच्या अंगणात किंवा ओळखीच्या शेतावर, घरापासून तासाभराच्या अंतरावर काढावी. त्या एका रात्रीत कळते की फळीची एक कड बोचते, धाकट्याला बंद गाडीत भीती वाटते, चहाची साखर कुठल्या पिशवीत आहे हे कोणालाच माहीत नाही आणि टॉर्च घरीच राहिली आहे. सकाळी सगळे सामान सतरंजीवर मांडावे. औषधाची पेटी, पंक्चरचा संच आणि पावसाळी कपडे सोडून जे काही वापरले गेले नाही, ते पुढच्या खेपेला माळ्यावर राहील. तंबू मात्र घरी आणल्यावर गच्चीत दिवसभर वाळवूनच घडी घालावा. ओला गुंडाळला तर आठवड्यात त्याला बुरशी धरते आणि तो वास कशानेही जात नाही.